घरातले मूल आणि पुस्तकातले मूल

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घरी चार वर्षांची एक मुलगी आली. कायद्याने ती आमची झाली आणि पुढे स्नानसंस्काराच्या नोंदवहीतही आईबाप म्हणून आमची नावे लागली. तिला ‘सेरेब्रल पाल्सी’ म्हणजे मेंदूचा पक्षाघात आहे. ती आधाराविना बसत नाही, चालत नाही. शब्द तिला कळतात, पण तिच्या तोंडून ते नीट उमटत नाहीत. हे सारे ठाऊक असूनच आम्ही तिला घरी आणले. या त्रैमासिकाच्या संपादकांनी त्यावर अनुभवकथन लिहून मागितले, तेव्हा आम्ही उभयतांनी नम्रपणे नकार दिला आणि त्याऐवजी हा लेख देऊ केला. नकाराचे कारण लेखाच्या ओघात येईलच. आमचा उल्लेखही एवढ्यासाठीच की, पुस्तके कशी वाचली हे सांगायचे तर ती कोणत्या घरात वाचली हे वाचकांना माहीत असावे.

घरात मूल आले म्हणजे नातलग झबली-टोपडी आणतात. आमच्याकडे पुस्तके आली. एका वयोवृद्ध धर्मगुरूंनी आपल्या कपाटातली ‘कॅरन’ची जीर्ण प्रत दिली. एका भाच्याने क्रिस्टी ब्राऊनचे ‘माय लेफ्ट फूट’ आणले. एका मैत्रिणीने मालिनी चिब यांचे ‘वन लिटल फिंगर’ पाठविले. शिवाय भक्तिपर पुस्तिका पुष्कळ आल्या. त्यांत अशी मुले कुठे देवदूत असतात, कुठे आईबापांच्या खांद्यावरचा क्रूस, तर कुठे आकाशातून पडलेले फूल. आम्ही ही सर्व पुस्तके वाचली. दिवसा वेळ नसे. मूल झोपल्यावर, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने तिच्या पायांच्या पट्ट्या धुऊन वाळत घालता घालता ऐकायचे, असा आमचा क्रम होता.

पुस्तकांकडे वळण्यापूर्वी या अवस्थेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. हा संसर्गजन्य रोग नव्हे. गर्भात, जन्मतेवेळी किंवा जन्मानंतरच्या आरंभीच्या काळात वाढत्या मेंदूला जी इजा होते तिचा हा परिणाम होय. मुदतीपूर्वी झालेला जन्म, प्राणवायूची तूट, नवजाताची तीव्र कावीळ, मेंदूज्वर अशी त्याची कारणे अनेक. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. पण मूल वाढते. हाडे लांबतात, ताठर स्नायू मात्र त्या गतीने लांबत नाहीत, म्हणून व्यायाम रोजचा आणि जन्माचा. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या विल्यम लिटल या शल्यवैद्याने या अवस्थेचे वर्णन केले आणि दीर्घकाळ ती ‘लिटलचा आजार’ या नावाने ओळखली गेली. काही मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो, अनेकांच्या होत नाही. परंतु जीभ, ओठ आणि चेहरा यांवर ताबा नसला की पाहणारा चेहऱ्यावरूनच बुद्धीचा निकाल देऊन मोकळा होतो. या विषयावरची बहुतेक चांगली पुस्तके म्हणजे त्या चुकीच्या निकालाविरुद्ध केलेली अपिले आहेत.

मेरी किलिली यांचे ‘कॅरन’ हे असेच एक अपील. ते अमेरिकेत १९५२ साली प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या कॅथॉलिक घरांत वाचले गेले. कॅरनचा जन्म १९४० सालचा, मुदतीच्या सुमारे तीन महिने आधीचा. एवढ्या लवकर जन्मलेले मूल जगणे हेच त्या काळी नवल होते. मूल जगले, घरी आले आणि मग आईबापांची डॉक्टरांमागची वणवण सुरू झाली. या मुलीला एखाद्या संस्थेत ठेवा आणि विसरून जा, असा सल्ला त्यांना मिळाला. तो त्यांनी मानला नाही. रोजचे तासन्तास व्यायाम, लोखंडी आधार, कर्जाचा बोजा, थकवा, आणि या सगळ्याच्या मधोमध हास्यविनोदाने, कुत्र्यामांजरांनी भरलेले एक घर, हे ‘कॅरन’चे कथानक. लेखिका पुढे या मुलांसाठीच्या अमेरिकेतील संघटनेच्या उभारणीतही पुढे होत्या.

या पुस्तकाचे मोठे सामर्थ्य तपशिलात आहे. श्रद्धेविषयी लेखिका बोलतात, पण ती पोकळीत लटकत नाही. प्रार्थनेच्या शेजारीच डॉक्टरांचे बिल असते. नवऱ्याच्या चेहऱ्यावरची चिंता बायकोला दिसते, बायकोची नवऱ्याला दिसते, आणि दोघेही एकमेकांना ती दिसली नाही असे दाखवितात. ज्या घरात असे मूल आहे त्या घराला हे पान कुठून आले हे सांगावे लागत नाही.

तरीही पहिल्या वाचनात आम्हांला या पुस्तकाची थोडी धास्ती वाटली. त्यात आईची इच्छाशक्ती हीच नायिका आहे. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस काही तरी जिंकलेले असते: एक हालचाल, एक शब्द, एक पाऊल. वाचकाला असे वाटू लागते की आई पुरेशी कणखर असली की मूल चालणारच. आणि मग न चालणाऱ्या मुलांच्या आया कुठे कमी पडल्या, हा प्रश्न पुस्तक न विचारताही आपल्या मनात विचारला जातो. कॅरनला स्वतःला काय वाटते हे आपल्याला आईच्या तोंडूनच कळते. मूल लहान आहे तोवर यात गैर काही नाही. पण वाचकाने हे ध्यानात ठेवायला हवे.

लेखिकेच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी लागली ती ‘विथ लव्ह फ्रॉम कॅरन’ या १९६३ सालच्या दुसऱ्या पुस्तकात. ज्या चालण्यासाठी पहिल्या पुस्तकात सारे घर झिजले, ते चालणेच या पुस्तकात तरुण कॅरन सोडून देते. कुबड्यांवर पाऊल टाकण्यात तिची सगळी शक्ती आणि दोन्ही हात खर्ची पडतात. चाकाच्या खुर्चीत बसले तर हात मोकळे राहतात आणि दिवस हाती लागतो. हा हिशेब तिचा स्वतःचा आहे. आईच्या वर्षानुवर्षांच्या कष्टांचे फळ मुलीने बाजूला ठेवले, आणि आईने ते लपविले नाही, लिहून काढले. आमच्या मते ‘कॅरन’ची थोरवी पहिल्या पुस्तकातल्या विजयांत नाही, ती या एका निर्णयाला जागा करून देण्यात आहे. कॅरन किलिली पुढे न्यूयॉर्क राज्यातल्याच एका कॅथॉलिक साधनागृहात दीर्घकाळ स्वागतिकेचे काम करीत राहिल्या आणि २०२० साली, ऐंशी वर्षांचे आयुष्य जगून, निवर्तल्या. संस्थेत ठेवून विसरून जा, असे जिच्याविषयी सांगितले गेले होते तिने आयुष्यभर दाराशी आलेल्यांचे स्वागत केले.

या पुस्तकांतली आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. किलिली कुटुंबात ग्लोरिया नावाची एक किशोरवयीन मुलगी येते आणि या घरचीच मुलगी होऊन राहते. तिच्यासाठी वेगळे नगारे वाजत नाहीत. तिच्या वाट्याला थट्टा येते, कामे येतात, रुसवे येतात. कॅरनसाठी लेखिकेने दोन पुस्तके लिहिली. परंतु परके मूल आपले कसे होते याविषयीचे सर्वांत शहाणे लेखन आम्हांला ग्लोरियाच्या त्या जाता जाता आलेल्या उल्लेखांत सापडले.

क्रिस्टी ब्राऊनचे ‘माय लेफ्ट फूट’ १९५४ साली आले. येथे आई लेखिका नाही. ज्याच्याविषयी इतरांनी निकाल दिला तोच बोलतो आहे. क्रिस्टीचा जन्म १९३२ चा, डब्लिनच्या कामगार वस्तीतला. बाप गवंडी, घरात तेरा मुले. हे मूल बुद्धीने अधू आहे आणि त्याचे काही होणार नाही, असे डॉक्टरांनी आईला सांगितले. आईने वाद घातला नाही. ती फक्त त्याला इतर मुलांसारखी वागवीत राहिली. पाच वर्षांच्या क्रिस्टीने एके दिवशी बहिणीच्या हातातला खडू डाव्या पायाच्या बोटांत धरला आणि पुढे आईने शिकविलेले पहिले अक्षर जमिनीवर काढले. हा प्रसंग जगप्रसिद्ध आहे. १९८९ साली जिम शेरिडन यांनी केलेल्या चित्रपटात तो आहे आणि त्यातील नायकाला व आईचे काम करणाऱ्या अभिनेत्रीला ऑस्कर पारितोषिके मिळाली.

आमच्या मनात मात्र दुसरे दोन प्रसंग घर करून राहिले. पहिला लूर्ड्सचा. तरुण क्रिस्टी लूर्ड्स मातेच्या यात्रेला जातो. भक्तिपर पुस्तिकेत याच्यापुढे काय होते हे आपल्या सर्वांना पाठ आहे. येथे तसे होत नाही. त्याचे हात सरळ होत नाहीत. त्याला तेथे दिसतात ती त्याच्याहून अधिक वेदना सोसणारी माणसे, आणि त्याला कळते की दुःखाचा मक्ता एकट्या त्याच्याकडे नाही. तो जसा गेला तसाच परत येतो, आणि घरी आल्यावर त्याला पुन्हा तेच घर, तीच खोली, तेच शरीर भेटते. यात्रेची महती कमी न करता यात्रेनंतरचा उदास सोमवार लिहिण्याचे धैर्य या लेखकाने दाखविले. आपल्या कडच्या साक्षीलेखनात हा सोमवार जवळजवळ कधीच येत नाही.

दुसरा प्रसंग घर बांधण्याचा. क्रिस्टीला व्यायामासाठी आणि लिहिण्यासाठी स्वतःची खोली हवी. घरात जागा नाही, पैसे नाहीत, बाप आणि भाऊ टाळाटाळ करतात. मग आई एके दिवशी मागच्या अंगणात स्वतःच विटा रचू लागते. तिने रचलेली वाकडी भिंत गवंडी नवऱ्याला बघवत नाही. तो चडफडत तिच्या हातातून काम काढून घेतो, मुलेही येतात, आणि खोली उभी राहते. ‘घरच्यांचे प्रेम’ हा शब्द या प्रसंगात एकदाही वापरावा लागत नाही. बापाच्या कलेचा अभिमान डिवचून आईने त्याच्याकडून प्रेमाचे काम करून घेतले. आमच्या वसईच्या वाड्यांतून ज्यांनी आजी-आजोबांचे संसार पाहिले आहेत त्यांना ही आई परकी वाटणार नाही.

क्रिस्टीच्या आयुष्यातही कॅरनसारखीच एक विलक्षण अट येते. उपचार हवे असतील तर डाव्या पायाचा वापर थांबवावा लागेल, असे त्याला सांगितले जाते. कारण त्या एका अवयवावर भार टाकल्याने बाकीचे शरीर ताठरत चालले आहे. ज्या पायाने त्याला माणसांत आणले तोच सोडायचा! तो प्रयत्न करतो, अन् अखेरीस पुन्हा त्या पायाकडे येतो. एका मुलीने तज्ज्ञांच्या कौतुकाचे चालणे सोडले, एका मुलाने तज्ज्ञांनी सोडायला सांगितलेला पाय धरून ठेवला. दोघांचे निर्णय उलटसुलट आहेत, पण दोन्ही पुस्तकांचे मर्म एकच आहे: हे शरीर कसे वापरायचे याचा शेवटचा शब्द त्यात राहणाऱ्याचा.

येथे एक गोष्ट नमूद करायला हवी. ‘माय लेफ्ट फूट’ मधले घर उजळ आहे. त्याच लेखकाची ‘डाऊन ऑल द डेज’ ही कादंबरी १९७० साली आली, तीत तशाच घरातला अंधार आहे: दारू, बापाचा संताप, आईच्या थकलेल्या शरीराची परवड. दोन्ही पुस्तके एकाच हाताची, म्हणजे एकाच पायाची आहेत. ज्यांनी पहिले पुस्तक धर्मग्रामाच्या ग्रंथालयात ठेवले त्यांतल्या कितीजणांनी दुसरे ठेवले असेल? आपण अपंग लेखकाकडून प्रेरणा घ्यायला तयार असतो. त्याचा राग ऐकून घ्यायला तयार नसतो.

मालिनी चिब यांचे ‘वन लिटल फिंगर’ हे पुस्तक आपल्या अधिक जवळचे आहे, आणि म्हणूनच अधिक बोचणारे. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली आणि अशा मुलांसाठी शाळा सुरू झाली. मालिनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या, पुढे लंडनमध्ये त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले. सारे पुस्तक त्यांनी एका बोटाने टंकलिखित केले आहे. पुस्तकाचे नाव तेच. परंतु ज्याने ते केवळ जिद्दीची कहाणी म्हणून वाचले त्याने ते वाचलेच नाही. लेखिकेचा प्रश्न शरीराविषयी कमी आणि पायऱ्यांविषयी अधिक आहे. तेच शरीर घेऊन एका शहरात एकटीने बसने हिंडता येते आणि दुसऱ्या शहरात दाराबाहेर पडायलाही चार माणसे लागतात, तर अपंगत्व नेमके कोठे आहे? शोनाली बोस यांनी मालिनीच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन २०१४ साली ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ हा चित्रपट केला. त्यातली लैला ही देवदूत नाही. ती चुकते, खोटे बोलते, प्रेमात पडते, आईला दुखवते. आपल्या काही वाचकांना तो चित्रपट रुचणार नाही. पण रेवती यांनी उभी केलेली आई पाहावी, एवढे आम्ही अवश्य सुचवू. मुलीला न्हाऊमाखू घालणारे हात तिच्या खाजगी जगापासून दूर कसे ठेवायचे, हा त्या आईचा पेच आहे. आज ना उद्या तो आमचाही होईल.

मराठीत काय आहे? १९९१ साली संजय सूरकर यांचा ‘चौकट राजा’ आला. त्यातला नंदू मेंदूच्या पक्षाघाताचा नव्हे, बालपणीच्या अपघाताने बुद्धी खुंटलेला. पण दिलीप प्रभावळकरांनी तो असा उभा केला की घरोघरी लोक रडले. आम्हीही रडलो होतो. आज मात्र असे वाटते की आपण रडलो ते नंदूच्या निष्पापपणासाठी. मोठा झालेला माणूस मूलच राहिला तर त्याच्यावर प्रेम करणे सोपे जाते. तो पुरुष झाला, रागावला, काही मागू लागला, तर प्रेक्षक तेवढाच रडेल काय?

आपल्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयात या विषयाला सर्वांत जवळचे पुस्तक, विषय वेगळा असूनही, ‘स्मृतिचित्रे’ हे आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मकथनाचा पहिला भाग १९३४ सालचा. दुष्काळाच्या आणि प्लेगच्या दिवसांत पोरकी झालेली मुले त्या घरात वावरली, जेवली, वाढली. लक्ष्मीबाई ते सांगतात ते पदरी पुण्य जमा केल्याच्या सुरात नव्हे. भांडी किती, पीठ किती, टिळकांनी न विचारता आणखी कोणाला आणले, आणि मग आपण कशा तडकलो, हे त्या हसत सांगतात. त्यागाचा उल्लेख न करता त्याग कसा लिहावा हे शिकण्यासाठी आपल्याला अमेरिकेला जाण्याचे कारण नाही.

मग दत्तक मुलाची कथा आपल्या वाङ्मयात एवढी दुर्मीळ का? एक कारण कायद्यात आहे. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी होता. ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या जुन्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे, आणि मूल सज्ञान झाले की ते संपे. घरातले मूल मुलगा असे, पण कागदावर ‘पाल्य’. २००० सालचा बाल न्याय कायदा, त्यातली २००६ ची दुरुस्ती आणि आताचा २०१५ चा कायदा यांमुळे कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल पूर्णार्थाने आपले करून घेता येते. दुसरे कारण शब्दात आहे. ‘दत्तक’ म्हटले की आपल्या कानांना वंश, वारसा, जमीनजुमला ऐकू येतो. कुळाला पुढे नेणारा धडधाकट मुलगा ऐकू येतो. जे मूल आपल्या पायावर उभे राहणार नाही ते वंश कसा चालवणार? म्हणून आमच्या निर्णयाविषयी पहिला प्रश्न आला तो, ‘का?’ असा नव्हे, तर ‘हीच का?’ असा. विशेष गरजा असलेल्या मुलांची दत्तक यादी वेगळी असते, आणि तीतल्या पुष्कळ मुलांना घर मिळते ते परदेशात.

गंमत अशी की संत पौलाने आपणा सर्वांना दत्तकच ठरविले आहे. मराठी बायबलात ‘दत्तकपण’ हा शब्द आपण वर्षानुवर्षे ऐकतो. पौलाच्या पत्रांत दत्तक घेणाऱ्याने मुलाची गुणवत्ता पाहिलेली नाही, आणि दत्तक मूल अर्धे वारस नाही, पूर्ण वारस आहे. ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील ११० वे कलमही तेच सांगते: नागरी कायद्यानुसार दत्तक घेतलेली मुले ही दत्तक घेणाऱ्यांचीच मुले होत. तेथे कोणतीही पुस्ती जोडलेली नाही.

आता भक्तिपर पुस्तिकांकडे परत येऊ. त्या लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात आम्हांला शंका नाही. पण गेल्या वर्षभरात एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात आली. ज्या आईच्या पोटी असे मूल जन्मते तिच्या वाट्याला कीव येते: बिचारी, कोणत्या पापाचे फळ! ज्यांनी असे मूल दत्तक घेतले त्यांच्या वाट्याला कौतुक येते: केवढे पुण्य केलेत! एकाच प्रकारचे मूल, एकाच प्रकारची रात्र, एकाच प्रकारचे व्यायाम. एकीकडे पाप, एकीकडे पुण्य. जन्मांधाविषयी शिष्यांनी येशूला विचारलेला प्रश्नच आपण अजून विचारतो आहोत, फक्त आता त्याला दुसरी बाजूही जोडली आहे. प्रभूने त्या प्रश्नातली पापाची वाटणीच नाकारली, हे आपण मिस्सेत ऐकतो आणि चर्चच्या दारात विसरतो. आणि या कीव-कौतुकाच्या देवघेवीत मुलाच्या हाती काहीच पडत नाही. ते दोन्हीकडे केवळ निमित्त असते.

कौतुकाने आणखी एक अपाय होतो. ते तोंड बंद करते. मुलगी घरी आल्यानंतरच्या चौथ्या महिन्यात, सलग तिसऱ्या जाग्या रात्री, आमच्यापैकी एकाच्या तोंडून प्रश्न निघाला: ‘आपलं चुकलं का?’ दुसऱ्याने उत्तर दिले नाही. सकाळी मिस्सेनंतर एका मावशींनी आमचे हात हातांत घेऊन आम्हांला संत म्हटले. रात्रीचा तो प्रश्न आम्ही त्यांना सांगू शकलो असतो तर किती बरे झाले असते! त्या स्वतः पाच मुलांच्या आई. त्यांनी कदाचित हसून सांगितले असते की, हा प्रश्न प्रत्येक आईबापाला पडतो. पण संतांना असे प्रश्न विचारता येत नाहीत. त्या दिवसांत आधार दिला तो देवदूतांच्या पुस्तिकांनी नव्हे. मेरी किलिली यांच्या कर्जाच्या पानांनी आणि क्रिस्टीच्या आईच्या वाकड्या भिंतीने दिला.

आणखी एक छोटी गोष्ट, जिच्यामुळे आमच्या वाचनाची दिशा ठरली. मुलगी भरवताना अनेकदा ओठ घट्ट मिटून मान वळवीत असे. तोंडाच्या स्नायूंवरचा ताबा सुटतो, असे आम्ही दोन महिने समजत होतो. तसा व्यायामही शिकून आलो होतो. मग एके दिवशी नाचणीच्या सत्त्वाऐवजी वाटीत मऊ केलेला फुगिया होता, आणि तोंड आपोआप उघडले. स्नायूंचे काही बिघडले नव्हते. तिला नाचणी आवडत नव्हती. तिच्या नकाराला आम्ही रोगलक्षण मानले होते! कॅरनने चालणे सोडले, क्रिस्टीने पाय सोडला नाही, त्याचा अर्थ आम्हांला त्या वाटीपाशी कळला. ज्या पुस्तकात मुलाच्या ‘नको’ला जागा नाही त्यात मूल नाही, केवळ आईबाप आहेत.

तेव्हापासून आम्ही एक साधी कसोटी ठरविली. पुस्तक चांगले की वाईट हे ठरवायचे तर त्याचे पान मुलगी खोलीत जागी असताना मोठ्याने वाचता येते का, हे पाहायचे. तिला कळते, हे आम्हांला आता नक्की ठाऊक आहे. भक्तिपर पुस्तिका या कसोटीला उतरत नाहीत. ‘क्रूस’ हा शब्द तिच्या देखत उच्चारताना जीभ अडखळते. ‘कॅरन’ची काही पाने उतरतात, काही पाने गाळावी लागतात. विटांचा प्रसंग आम्ही तिला मराठीत सांगतो. बाबा चडफडतात तेथे ती हसते. लक्ष्मीबाईंची तर कितीतरी पाने सरळ वाचता येतात.

संपादकांना आम्ही नकार का दिला तेही यातूनच स्पष्ट व्हावे. आम्ही अनुभवकथन लिहिले असते तर कितीही सावरून लिहिले तरी त्यात आम्ही थोडे संत आणि ती थोडी देवदूत झालीच असती. वाचक भारावले असते. आणि दहा वर्षांनी तिने ते पान आपल्या डोळ्यांनी किंवा कोणाच्या तोंडून वाचले असते तर तिला हरकत घ्यायलाही उशीर झाला असता. आमची विनंती वेगळी आहे. आपल्या धर्मप्रांतात चाकाच्या खुर्चीत बसणारे, अडखळत बोलणारे, बोटाने किंवा पायाने लिहिणारे तरुण-तरुणी आहेत. ते मिस्सेला येतात. पुष्कळदा दाराशीच थांबतात, कारण आत जायला पायऱ्या आहेत. संपादकांनी त्यांच्याकडून लेख मागवावेत, आणि त्यांत राग असला तरी छापावेत.

आमचे अनुभवकथन तोवर प्रलंबित समजावे. आमच्या घराविषयी लिहिण्याचा पहिला हक्क आमचा नाही. ज्यांचा आहे त्यांनी नुकतीच नाचणी नाकारायला सुरुवात केली आहे.